गच्चीवरचं तळं

वैशाखातल्या दुपारी, पद्मावतीत,
मी टँकर मागवला तेव्हा
समोरच्या रसवंतीवाल्यानं कपाळाला हात लावला.
गुरुवारी नळाला थेंब नाही
आणि ही बाई गच्चीवर ओतायला पाणी विकत घेते!

मल्लिनाथ मिस्त्री म्हणाला, हसू देत.
त्यानं पन्हाळीच्या तोंडांत चिंध्या कोंबल्या,
दाराशी विटांचा बुटका बांध घातला
आणि बावीस गाळ्यांच्या डोक्यावर
चार बोटं पाणी उभं केलं.
अठ्ठेचाळीस तास.
"जूनमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळू दे," म्हणाला,
"आत्ता सावकाश घाबरता येतं."

त्याआधी आठवडाभर नुसती निपटानिपट.
जाळ्यांतून निघाली कबुतरांची पिसं, मांज्याचा गुंता,
दाताच्या डॉक्टरांकडचे हातमोजे,
आणि वरच्या क्लासमधल्या कुणाचीतरी गुणपत्रिका,
आठ घड्या घातलेली, गणितात एकोणीस.
ती मी उन्हात वाळवली.
मग फाडली.

शटरांना ग्रीस. तळघरातल्या पंपाला नवा फ्लोट.
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा.
मोबाइलवाल्याच्या फलकाचे बोल्ट गंजून भुगा झालेले,
तर तो म्हणतो, एवढा वारा येतो कुठं?
म्हटलं, बाबा रे,
वारा काही तुझ्याशी अकरा महिन्यांचा करार करून येत नाही.

संध्याकाळी वर गेले.
साळुंक्या आंघोळीला आल्या होत्या.
एक खंड्या कठड्यावर तासभर ताटकळला,
मासे नाहीत हे त्याला पटेपर्यंत.
पर्वतीचे दिवे पाण्यात उलटे लागले होते
आणि मला वाटलं, असू दे हे असंच,
काही गळू नये, काही कळू नये.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गळलं.
माझ्याच ऑफिसात.
करारांच्या कपाटामागे, जिथं चार वर्षांपूर्वी
एसीच्या नळीसाठी मी भोक पाडून घेतलं होतं,
मिस्त्रीला न विचारता, रविवारी, स्वस्तात.
मल्लिनाथनं ओलीभोवती खडूनं गोल काढला,
शेजारी तारीख घातली,
आणि भिंतीवर हात ठेवत ठेवत जिन्यानं उतरू लागला,
एक मजला, दुसरा, तिसरा.
"पाणी शिरतं एकीकडे, मॅडम,
तोंड दाखवतं भलतीकडे."

तोंड तळघरात होतं.
दस्तगीर बागवान, पुस्तकबांधणी, गाळा क्रमांक दोन.
गेल्या सप्टेंबरात त्यांच्याकडचे सत्तावीस प्रबंध
कणकेसारखे फुगले,
तेव्हा मी म्हणाले होते, ओढ्याचं पाणी हो,
निसर्गापुढं कुणाचं चालतं?
आणि चौदाव्या कलमावर बोट ठेवलं होतं:
पावसामुळे होणाऱ्या नुकसानीस मालक जबाबदार राहणार नाहीत.
त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं होतं.
पुढच्या महिन्याचं भाडं पाच तारखेला दिलं होतं.

आता मी सांगितलं. सगळं. भोकासकट.
ते पुठ्ठ्यावर कापड चढवत होते,
हातातला ब्रश थांबला नाही.
"खळीला ठाऊक होतं," म्हणाले,
"भिंतीला ओल आली की ती आधी धरत नाही.
म्हटलं, तुम्हालाही कळेल कधीतरी."

कधीतरी.
हा शब्द घेऊन मी तीन मजले चढले,
लिफ्ट चालू असताना.

चौदावं कलम खोडलंय.
त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही,
तेरानंतर एकदम पंधरा येतं
आणि टंकलेखक रोज फोन करतो.

तिसऱ्या दिवशी चिंध्या उपसल्या.
सगळं तळं एकदम पन्हाळीतून धडाडत सुटलं,
तळमजल्यावरचा झेरॉक्सचा पोरगा
दोरीवरचे कपडे आठवून बाहेर धावला
आणि भर उन्हात उभा राहिला,
वर बघत,
कोरड्या ठणठणीत आभाळाखाली,
हात पुढे केलेला.